बोरीवलीची गावपळण

आमच्या आईला सहलीला नेणं सोपं आहे, हा गैरसमज आमच्या घरात बरीच वर्षं टिकला. तिला न्यायचं, एखाद्या झाडाखाली चटई अंथरून बसवायचं, भोवती पिशव्या रचायच्या आणि आपण धबधबा, किल्ला, समुद्र, जे काही असेल ते बघून यायचं. महाबळेश्वरला ती सहा पिशव्या आणि एक थर्मास राखत तीन तास बसली होती. अलिबागला आमच्या सगळ्यांच्या चपला राखल्या. परत आलो की आम्ही विचारायचो, "कंटाळलीस का गं?" आणि ती म्हणायची, "नाय रे, मजा इली." मी विमा कंपनीत दावे तपासतो. दिवसाला दहा माणसं माझ्याशी खोटं बोलतात आणि त्यातली नऊ मी पकडतो. पण आईचं हे वाक्य मी कधी तपासायला घेतलं नाही.

त्यामुळे यंदा नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं याची चर्चा चालली असताना ती मध्येच बोलली, तेव्हा आम्हाला वाटलं चहा हवा असेल. मी, माझी बायको सुलक्षणा आणि कॉलेजात जाणारी मुलगी ऋतिका सोफ्यावर होतो. चेंबूरची माझी बहीण सपना, तिचा नवरा सुशांत आणि नऊ वर्षांचा विकी फोनच्या पडद्यावर होते. सुशांत गिर्यारोहण करतो. म्हणजे वर्षातून दोनदा करतो आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल सांगतो.

"यंदा माझ्या मनाप्रमाणे जावया," आई म्हणाली. "गावपळण करूया."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईचं माहेर मालवणकडचं. तिथे दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं आणि रानात माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं. मागे गावात कुत्रंसुद्धा उरता कामा नये. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देव हो म्हणाला तरच घरी. आईने लहानपणी अशा तीन गावपळणी केल्या. लग्न होऊन मुंबईला आली आणि मग पंचावन्न वर्षांत एकही नाही.

"पण आजी, तिथे गाव पळतं. इथे बोरीवली कशी पळणार?" विकीने रास्त शंका काढली.

"आपला घर पळात. बाकीच्यांचा त्यांका म्हायत," आई म्हणाली.

मी हसलो. सगळेच हसलो. आई हसली नाही, आणि दोन दिवसांनी मला कारण कळलं. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघालो होतो आणि आत ती सुकट निवडता निवडता ऋतिकाला सांगत होती, की त्या तीन दिवसांत गेलेली माणसं आपापल्या घरी येतात. त्यांनाही कधीतरी घर लागतं. आपण मध्ये लुडबुड करायची नसते.

"तुझ्या आजोबांक ह्या घरात पाय पसरून बसूक गावला नाय गो," ती म्हणाली. "चाळीत होते तर गॅलरीत निजले. हय इलो तर हॉलात. कोण पावणो इलो की पयले ते उठत. तीन दिवस बसांदेत एकटे. टीव्ही लावांदेत मोठ्यान."

मी पाणी न पिता परत आलो. माझे वडील, धोंडू घाडी, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची एक सवय होती. ते स्वतःच्या घरात शिरतानाही आधी खाकरायचे. किल्ली खिशात असायची, पण उंबऱ्यावर थांबून खाकरायचे, दार वाजवायचे आणि कोणी उघडलं तरच आत यायचे. लहानपणी मला याची लाज वाटायची. मित्र विचारायचे, तुझे बाबा पाहुणे आहेत का रे?

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. ज्या कागदावर नुकसानीचं कारण 'दैवी कोप' असं लिहिलेलं असतं तो मी जागच्या जागी परत पाठवतो. तरी त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की गावपळण होणार, आणि तिची सगळी व्यवस्था मी बघणार. या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती.

पहिला प्रश्न वेशीचा. बोरीवलीची वेस कोणती? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परुळेकर यांच्या मते वेस म्हणजे सोसायटीचं गेट, कारण त्यापुढची जबाबदारी ते घेत नाहीत. सुशांतने महापालिकेच्या वॉर्डांचा नकाशा पाठवला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाणी ओलांडला की वेस ओलांडली." म्हणजे गोराईची खाडी. पलीकडे गोराई गावात सुशांतच्या ऑफिसातल्या एका मित्राची माडांची वाडी होती, विहिरीसकट. तो पाच मिनिटांत हो म्हणाला. संपूर्ण प्रकरणात कागद न मागता झालेलं हे एकमेव काम.

दुसरा प्रश्न घर रिकामं करण्याचा. मागे सजीव काही राहता कामा नये, हा नियम. ऋतिकाचे चार मासे होते. विकीने फोनवरून विचारलं की विरजण सजीव असतं ना, शाळेत शिकवलंय. यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी आईने निकाल दिला की विरजण बरोबर न्यायचं. काचेच्या बरणीतलं विरजण घेऊन वेशीबाहेर पडलेलं इतिहासातलं पहिलं कुटुंब आम्ही असू.

मासे समोरच्या तेजलबेनकडे ठेवायचं ठरलं. तेजलबेन अत्यंत प्रेमळ बाई. बाबा होते तेव्हा रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र वाचून झालं की ते त्यांच्या दाराला अडकवायचे आणि त्या संध्याकाळी ढोकळ्याच्या ताटलीबरोबर ते परत करायच्या. त्यांनी माशांची टाकी आनंदाने घेतली. मग मी हळूच दुसरी पिशवी पुढे केली. आदल्या रविवारी मी एक आख्खी सुरमई आणली होती, तुकडे करून डीपफ्रीजमध्ये ठेवली होती, आणि आईचा हुकूम होता की फ्रीजसुद्धा रिकामा हवा.

"आमां शुं छे?" तेजलबेननी विचारलं.

"मासेच," मी म्हटलं.

"सुबोधभाई, जिवंत मासे माझ्याकडे राहतील. हे नाय चालणार हां."

एरवी मी ती वॉचमनला दिली असती. पण सुरमई होती हो. अशी सुरमई वर्षातून दोनदा मिळते. मी ती मुकाट्याने परत डीपफ्रीजमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे सरकवली, आणि आईने विचारलं तेव्हा "दिली" असं सांगितलं. फ्रीज चालू राहणार, मासा काय बोंब मारणार आहे, असा माझा हिशेब होता.

तिसरा प्रश्न परुळेकरांचा. दोन दिवसांहून अधिक घर बंद ठेवायचं तर सोसायटीला लेखी कळवायचं, असा नियम त्यांनीच केला होता. त्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. मी 'गावपळण' लिहिलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कोणाच्या पळून जाण्याबद्दल काही आहे का? ऋतिका ठीक आहे ना?" मी सगळं समजावलं. त्यावर त्यांनी मला दोन सल्ले दिले: एक, घरात कॅमेरा लावा, फोनवर बघता येतो. दोन, पोलीस चौकीत घर बंद असल्याची नोंद करा.

मी दोन्ही ऐकले. कॅमेरा हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला. तिथून बरोबर बाबांची खुर्ची दिसत होती. आईने तो पाहिला आणि विचारलं, "ह्यां काय?" मी म्हटलं, सुरक्षेसाठी. ती बराच वेळ खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "त्यांच्यावर पाळत ठेवतंस?" एवढंच म्हणाली.

फ्लॅट आईच्या नावावर, म्हणून चौकीत तिला घेऊन गेलो. नेमका सुशांतचा फोन आला, तंबूच्या खुंट्या तुझ्याकडे आहेत का म्हणून. मी बाहेर येऊन सांगत होतो की माझ्याकडे खुंट्या असण्याचं कारणच काय. परत आत गेलो तेव्हा आईची सही होऊन नोंद पूर्ण झाली होती. ठाणे अंमलदाराने नमस्कारसुद्धा केला. सरकारी काम इतकं सुरळीत झालं की माणसाने थांबून चौकशी करावी. मी केली नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. सगळे लिफ्टमध्ये शिरलो, आणि आई म्हणाली, "देवाक सांगून येतंय, तुम्ही व्हा पुढे." पाच मिनिटांनी ती खाली आली. हातात विरजणाची बरणी, आणि चेहरा काम फत्ते केल्यासारखा.

आता गोराईबद्दल. मी या तीन दिवसांचा आराखडा बनवला होता. त्यात तंबू उभारण्याला चाळीस मिनिटं होती. सुशांतने तीन तंबू आणले होते आणि ते कसे उभारायचे हे आम्हाला सांगायला त्याला दीड तास लागला. त्यातला एक उभा राहिला, त्यात मी बघायला शिरलो आणि तो माझ्यावर बसला. मी आतून ओरडत असताना बाहेर सगळे हसत होते, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने आई हसत होती. तिचं तसं हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मला राग आला होता, तरी मी जरा वेळ आतच पडून राहिलो.

बाहेर आलो तर आई माडाखाली पडलेल्या झावळ्या ओढत होती. तिने एक झावळी मधोमध चिरली, पायाखाली धरली आणि पाती एकात एक घालत झाप विणायला लागली. बोटं अशी चालत होती की काल सोडलेलं काम आज पुढे घेतलंय. ऋतिका आणि विकी दोन्हीकडे बसले. "हय नको, हेच्या खाली घाल. मेल्या, डोळे खंय आसत तुझे?" तासाभरात पाच झाप झाले, आणि संध्याकाळपर्यंत सुशांतच्या एका तंबूच्या काठ्या काढून घेऊन त्यांची खोप उभी राहिली. आजी आणि दोन्ही नातवंडं त्या खोपीत निजली. मी तंबूत निजलो आणि सकाळी कमरेतून सरळ व्हायला मला सुलक्षणाचा आधार घ्यावा लागला.

शनिवारी ती विहिरीवर न्हाली. विकी बादलीने पाणी ओतत होता आणि ती "आणखी, आणखी" म्हणत होती. तीन दगडांची चूल मांडली, त्यावर पेज केली. दुपारी लगोरी खेळली आणि उघडउघड रडीचा डाव केला. ती म्हणाली की आमच्या गावात तीन दगड लागले तर चार धरतात. सपना, जी एरवी विकीच्या सर्दीवर दिवस घालवते, ती झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपली. आई मधूनच खाडीपलीकडे बघायची. तिथे उंच इमारतींची रांग दिसत होती. आमची त्यात दिसत नव्हती, ती मागे आहे आणि ठेंगणी आहे. "आता चाय व्हयी असात त्यांका," एकदा ती स्वतःशीच म्हणाली.

माझा कॅमेरा शुक्रवारपासून 'ऑफलाइन' दाखवत होता. मी ते खाडीपलीकडच्या नेटवर्कवर ढकललं आणि दर तासाने माडाला टेकून, हात उंच करून फोन बघत राहिलो.

रविवारी दुपारी ओहोटीला आई नातवंडांना खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला घेऊन गेली. मागोमाग सपना आणि सुशांतही उतरले. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, गुडघाभर चिखल, एक हात विकीच्या खांद्यावर, आणि दुसऱ्या हाताने ती चिखलातली बारीक भोकं दाखवत होती. "ह्या भोकाखाली आसा बघ. घाल हात. भियाचा नाय." काठावर मी बसलो होतो. माझ्याभोवती चार पिशव्या, एक थर्मास आणि सगळ्यांच्या चपला होत्या. मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला वाईट वाटलं. इथे बसलं की पाण्यातली माणसं फार लांब दिसतात आणि त्यांचं हसणं जरा उशिरा पोचतं. आईने हे पंचावन्न वर्षं केलं होतं.

तेवढ्यात परुळेकरांचा फोन आला.

"घाडी, लगेच या. पोलीस आलेत. तुमचे वडील दार उघडत नाहीत."

"परुळेकर, माझे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. तुम्ही खांदा दिलायत."

"ते मी सांगतोय त्यांना! पण त्यांच्या नोंदीत आहेत. एकटे ज्येष्ठ नागरिक, वय एक्याऐंशी. हवालदार बाई तब्येत विचारायला आल्या होत्या. आणि घाडी..." त्यांचा आवाज खाली गेला. "वास येतोय. आणि दाराखालून पाणी येतंय. लालसर."

माणूस घाबरला की त्याला सगळं एकदम समजतं. आई मागे का राहिली होती, कॅमेरा ऑफलाइन का होता, आणि फ्रीज. आमचा फ्रीज दाराशेजारच्या पॅसेजमध्येच आहे. माझी पाळत थांबवायला तिने जाताना मेन स्विचच बंद केला होता.

मी चपला सुलक्षणाच्या ताब्यात दिल्या, बर्फ आणायला जातो असं सांगितलं, होडी धरली आणि पलीकडे रिक्षा. वेस ओलांडून परत जायचं नसतं हे मला माहीत होतं. रिक्षात मी मनात म्हणालो, मी फक्त जिन्यापर्यंत जातोय.

चौथ्या मजल्यावर निम्मी सोसायटी जमली होती. नाकाला रुमाल लावून परुळेकर, नाकाला ओढणी लावून तेजलबेन, आणि काहीच न लावता उभ्या असलेल्या एक हवालदार बाई. छातीवरच्या पट्टीवर 'मीरा' एवढंच मला वाचता आलं.

"तुम्ही मुलगा? म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून पिकनिकला जाता?"

मी सांगितलं ते हयात नाहीत. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला. दाखला घरात होता, लोखंडी कपाटात. म्हणजे वडील घरात नाहीत हे सिद्ध करण्याचा कागद घरातच होता, आणि घर तर उघडायचं नव्हतं. मग आठवलं, दाखल्याचा फोटो मी कुठेतरी पाठवला होता. फोनमध्ये चार हजार फोटो. फुलं, सुप्रभात, सुशांत डोंगरावर, सुशांत दुसऱ्या डोंगरावर. पंचवीस माणसं माझ्या खांद्यावरून बघत होती. शेवटी सापडला.

मीराताईंनी तो दोनदा वाचला. "मग नोंदीत 'घरी राहणार' कोणी लिहवलं?"

मी ऋतिकाला फोन लावला आणि आजीला द्यायला सांगितलं. स्पीकरवर आधी चिखलाचा पचपच आवाज आला.

"आजी, चौकीत घरात कोण राहणार म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?" मीराताईंनी विचारलं.

"आमचे हे रवतले म्हणान सांगलंय. नाव घेवचा नसता, म्हणून आधार कार्डावरचा दाखवलंय. त्यांनी वाचून लिवल्यानी."

"पण ते वारले ना?"

"होय तर. दोन वर्षां झाली." मग जरा थांबून, "तुमी विचारलास घरात कोण रवतला. मी खोटा कित्याक सांगू?"

जिन्यावर कोणी हसलं नाही. पुढचा प्रश्न आईने विचारला. "सुबोध थंय आसा काय?"

मीराताई म्हणाल्या, "आहेत. वास येतोय आजी, दार उघडून बघावं लागेल."

"तुमचा काम आसा ता," आई म्हणाली. "उघडा." आवाज बारीक झाला होता. महाबळेश्वरला, अलिबागला ती "मजा इली" म्हणायची ना, अगदी तसा. यावेळी मात्र मी तो पकडला. तिने फोन ठेवला.

मी किल्ली काढली. मी दावे तपासणारा माणूस आहे. आत एक फ्रीज, एक नासलेली सुरमई आणि एक रिकामी खुर्ची आहे हे मला शंभर टक्के ठाऊक होतं. किल्ली कुलुपापाशी नेली आणि मला खाकरल्याशिवाय राहवेना. मी खाकरलो. मग बेल दाबली. मेन बंद असल्यामुळे ती वाजली नाही. म्हणून मी दार वाजवलं. दोनदा, हळू, बाबा वाजवायचे तसं.

आणि आम्ही सगळे थांबलो. पंचवीस माणसं, नाकाला रुमाल लावून, दार उघडायची वाट बघत उभी राहिली. परुळेकरांनी रुमाल खाली घेतला होता.

"आत कोणी नाही म्हणता," मीराताईंनी हलक्या आवाजात विचारलं. "मग वाजवताय कशाला?"

"ती आमच्या घरची पद्धत आहे," मी म्हणालो.

तेव्हा तेजलबेन पुढे आल्या. "मीराबेन, नका उघडू. ती मासळी आहे. माझ्याकडे ठेवायला आणलेली, मी ना म्हटलं, म्हणून आत राहिली. सुबोधभाईंच्या बाने मला सगळं सांगितलंय. काकांचे तीन दिवस उद्या सकाळी पुरे होतात."

"पण तुम्हाला हा वास..." परुळेकर म्हणाले.

"एक रात्र तर आहे. अगरबत्ती लावीन." एवढं बोलून त्यांनी ओढणी पुन्हा नाकाला लावली, कारण त्यांना खरोखरच मळमळत होतं. जन्मात ज्यांनी अंडं घरात आणलं नाही, त्या बाईने नंतर मला फिनेलची बाटली आणि जुनं फडकं आणून दिलं. मी माझ्याच दारासमोर गुडघ्यावर बसून सुरमईचं पाणी पुसलं, आणि त्या लांबून बोट दाखवत राहिल्या. "तिथे. अजून तिथे पण."

मीराताईंनी दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, दाखल्याची झेरॉक्स सोमवारी दोन प्रतींत आणून द्या म्हणाल्या, आणि निघाल्या. दोन पायऱ्या उतरून त्या परत वळल्या. "दार नीट ओढून घ्या," म्हणाल्या. ते बंदच होतं, तरी मी एकदा ओढलं.

गोराईला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई चुलीपुढे बसून तिसऱ्यांचं सुकं करत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"चावी लावलंस?"

"नाही."

"मगे?"

"वाजवलं."

पळी थांबली. "काय म्हणाले?"

"काही नाही."

"वाजले किती होते?"

"तीन-सव्वातीन असतील."

"दुपारचे निजतत ते. तुका म्हायत नाय? आणि दार वाजवूक गेलो, खुळो." तिने वाटीत तिसऱ्या वाढून माझ्यापुढे सरकवल्या. वाटीत कोणापेक्षाही जास्त होत्या, हे विकीने लगेच मोजून दाखवलं.

सोमवारी सकाळी कौल घेतला. आईने विहिरीकाठचा एक दगड धुतला, त्यावर दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पडली तर घरी, डावी पडली तर आणखी एक दिवस. आम्ही सगळे टक लावून बसलो. सुशांत वाऱ्याची दिशा सांगायला लागला तेव्हा सपनाने त्याला चिमटा काढला. उजवी पडली. विकी रडायला लागला, त्याला आणखी एक दिवस हवा होता. आईने त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी पण लहानपणी रडत होतंय."

घरी पोचलो. दाराबाहेर तेजलबेनच्या अगरबत्त्यांच्या अकरा काड्या जळून पडल्या होत्या. आईने दार वाजवलं, क्षणभर थांबली आणि मग किल्ली लावली. वासाचा असा लोट आला की सुलक्षणा दोन मजले खाली गेली. आई तशीच आत शिरली. खुर्चीकडे बघितलं, मग फ्रीज उघडला. मी तिच्या मागे उभा होतो. बर्फाच्या ट्रेमागे सुरमई होती. म्हणजे तिचं जे उरलं होतं ते होतं.

"दिली नव्हती मी," मी म्हटलं. "खोटं बोललो."

ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "हात पण लावल्यानी नाय," ती म्हणाली. सुरमई म्हणजे बाबांचा जीव की प्राण. तीन दिवस घरात सुरमई असताना बाबा तिला शिवल्याशिवाय राहणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आता ती म्हणणार, ते आलेच नाहीत. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कसे लावतले?" ती म्हणाली. "त्यांका गॅस खंय पेटवूक येता?"

तिने पदर नाकाला लावला, पिशवीची गाठ मारली आणि ती माझ्या हातात दिली.

"पुढच्या खेपेक तळून ठेवूया."